पाठकोरी स्टेटमेंटं

तीर्थस्वरूप ताईस,

पायांवर डोके ठेवून नमस्कार. (डावा गुडघा दुखतो असे तुझ्या शेजारणीकडून कळले, म्हणून उजव्या पायावर.) तेल चोळतेस ना? मी ठणठणीत आहे. घसा तेवढा बसला आहे, आणि या वेळी भाषणाने नव्हे.

माझी भाड्याची खोली मालकाने विकायला काढली, म्हणून एकसष्टाव्या वर्षी मी दोन खोल्यांचे घर घ्यायचे ठरवले. कागदपत्रे करणाऱ्या वकीलबाईंनी फोनवर सांगितले, की पैसा कुठून आला ते दाखवायला सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं आणा. माझे डोकेच फिरले. ज्याने चाळीस वर्षे व्यासपीठावरून लाचखोरांची सालटी काढली, त्याला हिशेब मागता? सहा महिन्यांचीच कशाला, अकरा वर्षांची घ्या, असे गरजून मी दोन पिशव्या भरून निघालो. (एकीचा बंद वकीलबाईंच्या जिन्यातच तुटला. मी ओणवा होऊन माझी अब्रू गोळा करत होतो, आणि वरच्या दंतवैद्याचे पेशंट गाल धरून पाहत होते.)

आता कबुली देतो. बँकेचे कागद मी तत्त्व म्हणून कधी वाचले नाहीत. पैशाकडे पाहणाऱ्याची मान खाली जाते, असे एका भाषणात म्हणालो होतो, ते मलाच फार पटले. पण कागद चांगला, मागून कोरा; तेव्हा अकरा वर्षांतल्या सगळ्या भाषणांची टिपणे त्यावरच झाली. वकीलबाई मितभाषी. त्यांनी एक कागद पुढून वाचला, उलटून मागून वाचला, परत पुढून वाचला. मग चष्मा काढून विचारले, "दर पाच तारखेला हे पैसे कोण भरतं?"

कोणी नाही, म्हणालो. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मागे माझ्याच अक्षरात होते: ‘मी कुणाच्या एका पैशाचा मिंधा नाही (इथे टेबलावर मूठ).’ पुढे तुझे नाव. त्याखालच्या कागदावरही तुझेच. ताई, एकशे बत्तीस कागद, एकही पाच तारीख चुकलेली नाही. भाऊजी गेले त्या महिन्यातलीसुद्धा. तू शिवणाच्या मशीनवर पाय मारत होतीस, आणि साध्या राहणीने पैसा कसा पुरतो हे मी गावोगाव सांगत होतो. स्वावलंबनावरच्या त्या भाषणाला तू दुसऱ्या रांगेत होतीस. टाळ्या तूच सुरू केल्यास. निघताना एवढेच म्हणालीस, "वक्ते, घसा जपा." मला तो गौरव वाटला होता.

वकीलबाईंसमोर मला एक शब्द फुटला नाही. घसा बसला तो तेव्हापासून.

नियम असा आहे, की दुसऱ्याचा पैसा असेल तर देणाऱ्याने लिहून द्यायचे: ही भेट आहे, उधारी नाही, आणि या घरावर माझा काही हक्क नाही. हे शुक्रवारपर्यंत पोचले नाही तर घर विकणारे निवृत्त पोस्टमास्तर दुसरे गिऱ्हाईक धरणार आहेत, आणि माझी खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे.

तुझा,
वक्ता (निवृत्त)

ता.क. मजकूर टाईप करून सोबत ठेवला आहे. सही करून लगेच पाठव.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवून पुन्हा फोडले. हक्क नसल्याची ओळ मी खोडली आहे. मागची खोली तुझी. खिडकीखाली मशीन बरोबर मावते, मी सुतळीने मोजून आलो. मात्र वकीलबाई म्हणतात, मग ताईंचे नाव कागदावर येईल आणि त्यांचीही सहा महिन्यांची स्टेटमेंटं लागतील. ती घेऊन गुरुवारी तूच ये.

शेवटचा ता.क. सहाच महिन्यांची आण, माझ्यासारखी पिशवी भरून नको. तुझ्या खात्यात भावाने कधी काही भरल्याचे त्या शोधू लागल्या, तर मी जिन्यात जाऊन उभा राहीन.