जावयाने बसवलेला फिल्टर

१२ नोव्हेंबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

बस आगाराच्या कार्यशाळेत तुला स्वतःचं टेबल मिळालं हे वाचून बरं वाटलं. घरातली पहिली पदवीधर, आता टेबलवाली. तुझं पत्र टिपरमध्येच ठेवलंय. खडीच्या क्रशरवर रांगेत उभी असले की पुन्हा वाचते.

इकडची बातमी म्हणजे जावई येऊन गेले. तुझ्या ताईला सुट्टी नव्हती, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच एकटे आले. मला वाटलं, चहा घेऊन पेपर चाळत बसतील. तर त्यांनी बाह्या सारल्या, टिपरचा एअर फिल्टर काढला आणि आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेला नवा बसवला. गाडीच्या कंपनीचा नाही, बाहेरचा आहे. लाल कापडी जाळीचा, तेल लावलेला. धुवायचा, वाळवायचा, तेल लावून परत बसवायचा. गाडी आहे तोवर हाच पुरेल म्हणतात. आतला छोटा फिल्टरही काढून टाकला, आता त्याची गरज नाही म्हणे. आणि खरं सांगते, खाणीच्या चढावर गाडी हलकी वाटते.

आजवर माझ्या गाडीला मी कुणाला पाना लावू दिला नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ह्यांना नाही म्हणवेना. तुझं काय मत ते कळव, जरा बेताने.

वेळेवर जेव. इकडची माया तुझ्यामागे आहेच.
तुझी आत्या

२० नोव्हेंबर

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मला बेताने लिहिता आलं असतं तर तू माझं नाव टकळी ठेवलं नसतंस. म्हणून सरळच लिहिते. तो फिल्टर काढ.

भावोजींची वस्तू वाईट नाही. आमच्या साहेबांच्या गाडीत तसलाच आहे आणि डांबरी रस्त्यावर मजेत चालतो. त्याची वीण सैल, म्हणून हवा मोकळी येते, आणि जाड धूळ तेलाला चिकटते. पण तुझ्या खाणीतली धूळ पिठासारखी आहे. ती त्या जाळीतून आत जाते आणि तेलात मिसळून इंजिनला आतून घासत राहते. कंपनीचा कागदी फिल्टर ही बारीक धूळ अडवतो. आणि बाहेरचा फाटलाच तर आतला छोटा राखणीला असतो. त्यालाच रजा दिलीत.

गाडी हलकी वाटते हे मान्य. पण जुना फिल्टर तू शेवटचा कधी बदललास ते आठव. तो पार चोंदला होता. त्याच्या जागी कंपनीचा नवा घातला असतास तरी गाडी इतकीच हलकी झाली असती.

आता ओरडून घेते. कागदी फिल्टर टायरवर आपटून साफ करायची तुझी सवय सोड. घड्या सुटतात, कडा वाकतात. थोडी धूळ धरलेला कागद उलट जास्त चांगलं गाळतो. फिल्टरच्या डब्यावरची खूण लाल झाली की बदलायचा, तोवर त्याला हात लावायचा नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. फिल्टरच्या पुढे इंजिनकडे जाणारा पाइप सोडव आणि बोटाला पांढरं फडकं गुंडाळून आतून फिरव. ते स्वच्छ निघालं तर मी गप्प बसेन.

गेल्या वर्षी इंजिन उघडलं तेव्हा तू खिडकीत बसून तेच तेच पाने पुसत होतीस. पुन्हा उघडायची वेळ आली तर टिपर विकून टाकीन, असं तूच म्हणालीस. तुला गाडीशिवाय बसलेली मला पुन्हा बघायची नाही.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
टकळी

२७ नोव्हेंबर

चि. टकळीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं बरोबर असणार. तरी फिल्टर काढणार नाही.

ताई त्या घरात नुकती रुळतेय. जावयांनी एवढ्या उन्हात, घामाघूम होऊन, हौसेने बसवलाय. दर फोनवर विचारतात, गाडी कशी ओढते. मी म्हणते, छान. आता कुठल्या तोंडाने सांगू की काढून ठेवला? इंजिन खोलून पुन्हा जोडता येतं. नव्या जावयाशी बिनसलं तर कुठल्या मिस्त्रीकडे नेऊ?

फडकं फिरवलं नाही. मळकं निघालं तर मला फोनवर छान म्हणता येणार नाही.

आणि त्यांना एक अक्षर लिहायचं नाहीस. टायरचं बघेन.

जपून राहा, लोभ ठेव.
आत्या

२ डिसेंबर

ती. भावोजी,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आत्याने तुम्हाला लिहायला मनाई केली आहे. मी तिचं ऐकणार नाही, हे तिलाही आजच वेगळ्या पत्राने कळवलं आहे, म्हणजे माझी चोरी राहिली नाही.

तुम्ही बसवलेला फिल्टर खाणीच्या धुळीला पुरत नाही. आत्याला हे पटलं आहे, पण तुमचं मन दुखावेल म्हणून ती इंजिन पणाला लावून बसली आहे. माणसं एकमेकांशी खरं बोलली तर निम्मी दुरुस्ती तिथेच होते, असं मला वाटतं. ताई यावर हसेल. हे वाचून तुम्हाला राग आला तर तो माझ्यावर काढा, आत्यावर नको.

लोभ आहे, तो या पत्रानंतरही राहावा.
तुमची मेहुणी

९ डिसेंबर

मेहुणीबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

राग नाही आला. सुटलो, असं वाटलं.

माझं दुकान शहरात, गिऱ्हाईक सगळं मोटारवालं. खाण मी कधी पाहिलीच नव्हती. मागच्या रविवारी आम्ही दोघं सासुरवाडीला गेलो, तेव्हा आईंनी मला कौतुकाने टिपरमधून खाणीवर फिरवून आणलं. उतरलो तर माझे काळे बूट राखाडी झाले होते. घरी परतल्यावर मायलेकी बोलत बसल्या, तेवढ्यात मी पाइप सोडवून आतून रुमाल फिरवला. तो सोबत पाठवतो आहे. चिमटीत चोळून पाहा, कचकच लागते.

तरी मी बोललो नाही. तुमची ताई म्हणते, तिच्या आईने आजवर कुणाच्याच कामाला छान म्हटलेलं नाही. मला दर फोनवर म्हणतात. ते छान आपल्या हाताने परत कसं करायचं? त्यांनी माझ्यासाठी तोंड मिटलं होतं, हे आज तुमच्यामुळे कळलं.

कंपनीचे दोन्ही फिल्टर मागवले आहेत. रविवारी जातो. इंजिनला इजा झाली असेल का, तेवढं कळवा.

स्नेह आहेच, तो असाच परखड राहू दे.
तुमचा भावोजी

१८ डिसेंबर

चि. टकळीस,
आशीर्वाद, आणि कान पिळलाय असं समज. सांगितलेलं न ऐकण्याचीही पदवी मिळते का तिकडे?

रविवारी जावई आणि ताई दोन खोकी घेऊन आले. खोकी बघून मी आपला पाना जावयांच्या हातात दिला. दोघांनी मिळून लाल फिल्टर काढला आणि डबा, पाइप सगळं आतून पुसलं. मग ते नवा फिल्टर तसाच ढकलायला लागले. रबर जिथे टेकतं तिथे धूळ होती. माझ्या तोंडून निघून गेलं की अरे, आधी ती कड पूस, डोळे कुठे आहेत तुझे. ताई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. मी जीभ चावली. त्याने कड पुसली, फिल्टर बसवला, झाकण आवळलं आणि मग मला बजावलं की हा टायरवर आपटायचा नाही, मेहुणीची सक्त ताकीद आहे. मी हो म्हटलं. ताई अजून हसतेय.

आता पुन्हा अहो-जाहो करायला गेले तर मलाच कसंसं होतं. त्यालाही चालतंय.

लाल फिल्टर वाया गेला नाही. त्याच्या दुकानातही तसलेच आहेत, त्यातला एक मापाचा बघून त्याने स्वतःच्या व्हॅनला लावलाय, आणि हा धुऊन दुकानाच्या फळीवर ठेवलाय. आता गिऱ्हाईकाला आधी विचारतो, गाडी कुठे चालते. महिन्याभराने इंजिनला फार काही होणार नाही असं तू त्याला लिहिलंस म्हणे. तरी जुनं तेल काढून त्यातली बाटलीभर पाठवतेय, तुमच्या कार्यशाळेत तपासून घे. कण निघाले तर लपवू नकोस. या घरात आता लपवालपवी बंद आहे.

आणि चढावर गाडी तेवढीच हलकी आहे. तुला लिहायचं नव्हतं, लिहिलं.

परवा त्याचा फोन आला, गाडी कशी ओढते. मी म्हटलं, ओढायची तशी ओढते, आणि पुढच्या रविवारी येताना माझा सतरा नंबरचा पाना घेऊन ये, तुझ्या खिशात गेलाय.

तूही ये. लोभ कर, पण थोडं ऐकत जा.
तुझी आत्या