बिनकिल्लीची मारुती

१४ एप्रिल २००३
१९७९ची गोष्ट. नांदेडच्या बसस्टँडबाहेर मी उन्हात उभी, हातात थर्मास. ह्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं, फियाटमध्ये बसले, आणि आतून आडवे होऊन माझ्या दाराची खुंटी वर केली. टक्. म्हणाले, या बाईसाहेब. बस, एवढंच. नंतर फियाट जाऊन मारुती आली, नांदेड सुटून लातूर आलं, टक् तोच.
आज आडवे होताना त्यांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. खांदा. विचारलं तर म्हणाले, ढेकर होता.
ठरलं. गाडीला रिमोट बसवायचा. बटण दाबलं की चारी दारं उघडी. खरं कारण सांगायचं नाही, फॅशन म्हणायचं.
दुसरा संकल्प: चिडायचं नाही. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस सांगायच्या, राग आला की इंग्रजीत दहापर्यंत मोजा. मला फारशी गरज नाही. मी शांतच आहे.

१९ एप्रिल
अ‍ॅक्सेसरीजवाल्या रेवणसिद्धने नांदेडहून सामान आणलं. सेंट्रल लॉक, दोन रिमोट, सायरन. गाडीला धक्का लागला की वाजतो.
तो म्हणाला, मॅडम, किल्लीची भोकं राहू द्या, येळ सांगून येत न्हाई. मी म्हटलं, रिमोट असताना भोकं कशाला, गंज धरतो. पुढची दोन्ही दारं आणि डिकी, तिन्ही भोकं लांबी भरून बुजवा, वर रंग. तो नको नको म्हणत राहिला. मी फोरपर्यंत मोजलं आणि छत्री त्याच्या काउंटरवर आपटली. काच आधीच तडकलेली असणार.
रंग सुंदर जमला. किल्ली आता फक्त इंजिनाला.
संध्याकाळी बटण दाबून दाखवलं. चारी खुंट्या एकदम वर. हे लांब उभे होते. म्हणाले, चांगलं हाय. आता आमचं काय काम उरलं? हे विनोदी आहेतच. जेवले मात्र कमी.

२३ एप्रिल
सायरन उत्तम. मांजर बॉनेटवर बसलं तरी वाजतो. मांजराला वाटी फेकून मारली. लागली नाही, शेजारच्या कस्तुराबाईंच्या कोपराला लागली. त्या म्हणाल्या, चंद्रप्रभाबाई, तुमची गाडी हाय का गिरणीचा भोंगा? टू. त्यांना मत्सर आहे.

३० एप्रिल, दुपारी दोन
मागच्या प्लॉटवर बोअरची गाडी आली. जमीन थरथरली, सायरन वाजला.
त्र्याण्णवच्या भूकंपापासून आमच्या गल्लीत भांडं पडलं तरी लोक आधी मैदानात पळतात, मग येऊन भांडं उचलतात. आज जमीनही हलली आणि भोंगाही झाला. सगळी गल्ली बाहेर. कस्तुराबाई डोक्याला मेंदी, हातात लाटणं. समोर पहिल्या मजल्यावर नरसिंगरावांचा फिजिक्सचा क्लास आहे. शंभर मुलं जिन्याने शिस्तीत उतरली. सर गॅलरीतून आले. डावा पाय दोन ठिकाणी मोडला.
मी सर्वांना समजावलं की एवढ्या चपळाईने रिकामी झालेली गल्ली जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि त्याचं श्रेय माझ्या गाडीला आहे. कुणीतरी दगड मारला. मग कस्तुराबाई पुढे आल्या. मी हात लावला नाही. त्यांचा अंबाडाच माझ्या मुठीत आला. त्यांचं लाटणं माझ्या कपाळाला. थ्री.

१ मे
कपाळावर टेंगूळ. नरसिंगरावांना प्लास्टर. त्यांनी निरोप पाठवला की सायरन काढा, नाहीतर उजव्या पायाने चालत येऊन काढतो. वेदनेत माणूस काहीही बोलतो.
हे आता गाडीत बसतात आणि समोर बघत राहतात. टक् नाही, बाईसाहेब नाही. खांद्याला आराम मिळून राहिला, दुसरं काय.

१२ मे
आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी वैष्णवी, बिलोलीची, दोन वर्षं नरसिंगरावांच्या क्लासात अभ्यास घासते आहे. उद्या तिची सीईटी. तिला पोचवायचं मी कबूल केलंय. तिचं हॉल तिकीट आजच गाडीत ठेवून गाडी लॉक केली. लातुरात त्याहून सुरक्षित जागा नाही.
संध्याकाळी सायरन पुन्हा वाजला. कस्तुराबाई बत्ता घेऊन आल्या आणि गाडीच्या पुढच्या जाळीमागच्या भोंग्याला गप्प होईपर्यंत ठेचलं. वायरीतून ठिणगी उडाली. मी गॅलरीतून बादलीभर पाणी ओतलं, प्रेमानेच. ओल्या झाल्या.
फक्त भोंगा गेला. बाकी सिस्टिम मजबूत आहे.

१३ मे, दुपार
सकाळी सात. रिमोट दाबला. काही नाही. दुसरा दाबला. काही नाही. रेवणसिद्धचा फोन बंद. वैष्णवी काचेला नाक लावून आतल्या हॉल तिकिटाकडे बघत होती. आठला परीक्षा केंद्राचं गेट बंद. ह्यांनी किल्ली काढली, बुजवलेल्या भोकावरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं.
मी आतून वरवंटा आणला. सिस्टर अ‍ॅग्नेस आठवल्या. ड्रायव्हरच्या काचेवर वन. दाराच्या पत्र्यावर टू. कस्तुराबाई फाटकातून म्हणाल्या, कोपऱ्यात मारा, बाई, कोपऱ्यात. सेव्हनला काच फुटली. एट, नाइन, टेन तरीही मारले. आयुष्यात पहिल्यांदा दहापर्यंत पोचले.
ह्यांनी हात घालून दार उघडलं, काचांवर टॉवेल टाकला, बसले. मग आतून आडवे झाले. तोच आवाज निघाला. टक्. घाम पुसत म्हणाले, या बाईसाहेब.
मी ढेकर ऐकला नाही. सात बावन्नला वैष्णवी गेटच्या आत.

आता कुणाला काय द्यायचं ते:
दोन्ही रिमोट रेवणसिद्धला. हातात द्यायचे, फेकायचे नाहीत. त्याच्या काउंटरला नवी काच.
सायरनचे उरलेले तुकडे नरसिंगरावांना, प्लास्टर निघेपर्यंत रोज डबाही.
वरवंटा धुऊन कस्तुराबाईंना, त्यांच्या बत्त्याचं टोक उडालंय म्हणून. सोबत मेंदीची पुडी.
छत्री भंगारवाल्याला.
बामाची बाटली ह्यांच्या उशाशी. कुणी ठेवली ते सांगायचं नाही.