हवा भरलेली नळी

प्रिय बाबा,

नमस्कार. ताईने पाठवलेल्या फोटोवरून आणि तिच्या बोलण्यावरून समजलं ते असं:

१. पूर अडवायला मी पाठवलेली लांब, जाडजूड रबरी नळी भावोजींनी घरासमोर नदीच्या बाजूने अंथरली.
२. तिच्यात पाण्याऐवजी पंपाने हवा भरली.
३. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं.

हवेची नळी पुराबरोबर तरंगत निघून जाईल. आत पाणी असेल तरच ती वजनाने जागेवर बसते आणि बाहेरचं पाणी थोपवते. गेल्या आठवड्यात मी इथल्या नदीकाठच्या एका हॉटेलला अशीच नळी लावली. मालक म्हणाले, "पोरी, तू होतीस म्हणून वाचलो." तुम्ही विचारत नाही, म्हणून कळवते.

ताई सांगत होती, "बाबा गल्लीभर सांगत सुटलेत, जावई असावा तर असा." नळी कुणी पाठवली, हेही सांगता का?

फोन केला की तुम्ही तो भावोजींकडे देता, म्हणून हे पत्र. त्यांना वाईट वाटणार असेल तर सूचना मीच चुकीच्या दिल्या होत्या म्हणा. पण पावसाआधी हवा काढून पाणी भरा. आई खालच्याच खोलीत झोपते ना?

मी बरी आहे. वीस तारखेपर्यंत उत्तर पाठवा, तुमच्या हातचं.

तुमची,
धाकटी