आमच्याकडं बरोबर दिसतंय

११ जाने.

दोन पानांचं मराठी पत्र मेलवर येतं आणि उघडल्यावर त्यात एकही मराठी अक्षर नसतं, असं का होतं? मला माहीत नाही. स्वतःच्या वहीत तरी खोटं कशाला लिहू.

संस्थेचं पत्र. आमच्या बचत गटानं बिनधुराच्या खवा-भट्टीसाठी अर्ज केला होता, त्याचं उत्तर. अकरा बायका कढया उतरवून माझ्याभोवती जमलेल्या. मोबाइलवर उघडलं तर डोक्यावर टिंबं, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. खाली संस्थेतल्या गव्हाणे सरांची स्कॅन केलेली सही तेवढी स्वच्छ.

म्हटलं, वाचता येईना.

आई पदरानं डावा डोळा पुसत होती. धुरानं तो आता सारखा गळतो. म्हणाली, "तुला बी?"

एवढंच. लग्न होऊन आल्यापासून ती त्या धुरात दूध आटवतेय. त्या खव्यावर मी बी.कॉम. झाले, घरातली पहिली. तुला बी.

१३ जाने.

गव्हाणेंना फोन. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मीच स्पीकर लावला. माझीच अक्कल.

"सर, फाइल उघडते, पण अक्षरं कळत नाहीत."

"आमच्याकडं बरोबर दिसतंय."

"दुसऱ्या पद्धतीनं पाठवता का?"

"मॅडम, मोबाइल बदला. का पदवीबी अशीच घेतली, न वाचता?"

गटातली चंपामावशी हसली, मग माझ्याकडं बघून थांबली. ते जास्त लागलं.

वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, वेळ, त्याचे शब्द लिहून ठेवले. यापुढं इथं 'सर' नाही. नुसता ग.

१४ जाने.

संक्रांत. ग.नं गटाच्या व्हॉट्सॲपवर शुभेच्छांचा फोटो टाकला. गोड बोला म्हणे. पतंग, तीळ, खाली त्याचं नाव. सगळं लख्ख दिसलं.

बायकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. मी नाही टाकली.

१६ जाने.

काय काय केलं: फाइल पुन्हा उतरवून घेतली. तिचं नाव बदललं. मोबाइलची भाषा मराठी केली. तीन वेगळ्या ॲपमध्ये उघडली. शाळेतल्या सरांच्या लॅपटॉपवर नेली. तिथंही तेच, फक्त मोठं.

लताकाकू म्हणाल्या, "पोरीच्या डोळ्याखाली काळं आलं बघा." चंपामावशी म्हणाली, "दिष्ट लागली आसंल त्या मोबाइलला." आणि थट्टा थट्टा म्हणता खरंच मीठ-मिरच्या ओवाळून भट्टीत टाकल्या. सगळ्यांना ठसका. अक्षरं तशीच.

हसले. पण आई खोकायची थांबेना तेव्हा हसू गेलं.

१९ जाने.

तालुक्याला, भूमला गेले. लग्नपत्रिका छापणाऱ्या अन्सारचाचांच्या दुकानात. त्यांच्याकडं पंचवीसेक वर्षांचा कॉम्प्युटर अजून चालतो. थोरल्याच्या पत्रिकेला जे अक्षर होतं तेच धाकट्याच्या पत्रिकेला लागतं लोकांना, म्हणून त्यांनी एकही जुना फाँट काढून टाकलेला नाही.

चाचांनी फाइल बघितली. "बेटा, हे बिघडल्यालं न्हाय. जुन्या फाँटातलं हाय. तो फाँट ज्याच्याकडं, त्यालाच दिसनार. बाकीच्यांना निस्ता कचरा."

त्यांनी यादीतून एक नाव निवडलं, आणि पडद्यावर मराठी. नऊ दिवस जे माझ्याकडं बघून दात काढत होतं ते सरळ वाक्यात उभं राहिलं.

अर्जासोबत गटाचा ठराव नाही. हे पत्र पाठवल्यापासून सात दिवसांत पाठवावा, अन्यथा पुढील गटाचा विचार होईल.

मेल दहाचा. मुदत सतराला संपली.

चाचा म्हणाले, "पीडीएफ करून धाडली आसती तर कुठंबी उघडली आसती. दोन मिंटाचं काम."

दोन मिनिटं.

येतानाच एसटीतून सविताला फोन केला. कॉलेजातली. शेजारच्या गावच्या गटाचं काम बघते. तिनं त्यांचं पत्र पाठवलं. तीच तारीख, तीच सही, तेच ठरावाचं. पीडीएफ. माझ्या याच मोबाइलवर पहिल्या फटक्यात उघडलं.

म्हणजे ग.ला येतं. किंवा कुणाला तरी येतं, आणि कुणासाठी करायचं ते ठरवता येतं.

२० जाने.

ग.ला फोन. स्पीकर नाही.

"मुदत गेली मॅडम. वेळेत विचारायचं."

"तेराला विचारलं होतं. दुपारी बारा वीसला. तुम्ही म्हणालात, मोबाइल बदला."

आवाज एकदम मऊ. "बरं. तेवीसपर्यंत ठराव मेल करा. सह्या-अंगठे मी समक्ष येऊन घेतो."

शेवटचं पान कामाला आलं.

२१ जाने.

पुन्हा भूम. ठराव बिनचूक लिहून नेला. म्हटलं, "चाचा, आधी पीडीएफ करा. आणि मग हाच ठराव असल्या फाँटात बसवा, की तो जिल्ह्यात तुमच्याशिवाय कुणाकडं नसेल."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "कुनाचं लगीन मोडायचंय?"

"एकाची जिरवायचीय."

त्यांनी बसवून दिला. वर एक वेलबुट्टी काढली, त्यांच्या मनानं. गावी येऊन, भट्टीपाशी बसून, बारा वीसलाच पाठवला. अर्ध्या तासात फोन. स्पीकर लावला.

"मॅडम, हे काय पाठवलंय? निस्ते किडे दिसायलेत."

"आमच्याकडं बरोबर दिसतंय, सर."

लताकाकूंनी पदर तोंडात कोंबला. चंपामावशी मुद्दाम मोठ्यानं, "मोबाइल बदला म्हनावं त्यान्ला!"

तिळगूळसुद्धा एवढा गोड लागला नव्हता. चारपर्यंत त्याला तसंच ठेवलं. मग पीडीएफ पाठवली.

आई हसली नाही. कढई ढवळत होती. "आन् भट्टी?"



२३ जाने.

ग. आला. मोटारसायकलवर, बगलेत फाइल. मी वारा बघून खुर्ची मांडली. धूर थेट तोंडावर. पाच मिनिटांत डोळे लाल, रुमाल ओला. आई म्हणाली, "सायब, हिकडं सरका." मी म्हटलं, "बसू दे की, अंगठे होईपर्यंत." बसला.

अकरा जणींच्या सह्या-अंगठे झाले. बायका उठल्यावर हळूच म्हणाला, "मॅडम, टायपिंगच्या परीक्षेला तो जुना फाँट तेवढा शिकलो. नवं येत नाही. ऑफिसात कळलं तर घरी बसवतील."

"मग शेजारच्या गावाला पीडीएफ कशी गेली?"

"तिथलं... करून दिलं एकानं."

"कुणी?"

चहाचा घोट घेतला. "चहा मस्त झालाय."

जाताना: "तुमच्या गटाचं नाव भट्टीच्या यादीत बसवायचं बघतो. फक्त ते जुन्या पत्राचं वर कळवू नका. उगं दोघांनाबी त्रास."

दोघांनाबी. म्हणजे त्याला आणि आईच्या डोळ्याला.

आईनं त्याला पानात बांधून खवा दिला. मी बघत राहिले. तो गेल्यावर म्हणाली, "मानूस भ्यालंय, उजे. दे सोडून. भट्टी यिऊ दे आदी."

तिचं चूक नाही. धूर तिच्या डोळ्यात जातोय, माझ्या नाही.

२४ जाने.

रात्रभर ठरत नव्हतं. सकाळी लिहायला बसले, 'इतर गटांवर असा अन्याय होऊ नये म्हणून.' खोडलं. तेही खरं आहे, पण पहिलं नाही. त्यानं कुणासमोर तरी उभं राहून उत्तर द्यावं, आणि त्या वेळी स्पीकर चालू असावा, हे पहिलं.

संस्थेच्या वरच्या ऑफिसला तक्रार केली. त्याचं पत्र आम्हाला जसं दिसलं तसं, शेजारी तेच वाचता येईल असं, सविताच्या गटाची पीडीएफ, आणि शेवटच्या पानावरच्या तारखा. सविता म्हणाली, "माझं नाव घाल, बिनधास्त." सगळं एका पीडीएफमध्ये. आधी सविताला पाठवून तिच्या मोबाइलवर उघडायला लावलं, मग शाळेतल्या सरांच्या लॅपटॉपवर, मग चंपामावशीच्या काच फुटलेल्या मोबाइलवर. सगळीकडं एकेक अक्षर जागेवर.

यादी अजून लागलेली नाही. वरून काही आलं नाही.

संध्याकाळी भट्टी पेटेना, लाकूड ओलं. आई डोळा पुसत म्हणाली, "दिलंस न्हवं सोडून?"

मी फुंकणी घेतली आणि जाळात फुंकत राहिले. तक्रार सकाळी अकरा पाचलाच गेली होती.