चर्चच्या तळघरातले ठोके

मेपल फोर्क, आयोवा
४ फेब्रुवारी

ती. आर्डिसमावशीस कोरिनचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. बाळासाठी धाडलेली गोधडी पोचली. बाळ बरं आहे, पण माझा रक्तदाब चढतोय. त्यामुळे दर आठवड्याला दवाखान्यात पोटाला पट्टे बांधून पडायचं आणि बाळाचे ठोके कागदावर उतरताना बघायचे. तो आवाज मला आवडतो गं, दुरून घोडं दौडत यावं तसा. तेवढा वेळ जिवात जीव असतो.

पण आमच्या सासूबाईंना, व्हर्लाबाईंना, तो सगळ्या गावाला ऐकवायचाय! पोटावर धरायचं एक यंत्र त्यांनी विकत आणलंय. बेबी शॉवरला ते भोंग्याला जोडणार. चर्चच्या तळघरात, केक आणि सरबताच्या मधोमध, मी पोट उघडं टाकून पडायचं आणि बायकांनी पैजा लावायच्या. ठोके भराभर पडले तर मुलगी, सावकाश पडले तर मुलगा. डेलला सांगितलं तर म्हणाला, आईचं मन मोडू नकोस. मन त्यांचं आणि पोट माझं!

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
कोरिन


नॉर्थ डकोटा
९ फेब्रुवारी

चि. कोरिनला आर्डिसमावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कॉफी कडू झाली. आमच्याकडे गाभण गायीचीसुद्धा अशी जत्रा कुणी भरवत नाही. व्हर्ला मनानं वाईट नाही, ते मी तुझ्या लग्नात पाहिलंय. पण चार बायका जमल्या की तिच्या अंगात येतं. आणि तुझा नवरा म्हणजे नंदीबैल. सरळ नाही म्हण. जमलं नाही, तर निदान एवढं कर, बाळाची हालचाल कमी वाटली तर केकसाठी थांबू नकोस.

म्हातारीवर लोभ ठेव, सल्ला मानलास तर जास्तच.
तुझी मावशी,
आर्डिस


दवाखान्यातून
१६ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

नाही म्हणायला जमलं नाही. टेबलावर पडले. पोटावर थंडगार चिकट जेल, भोवती अख्खं महिला मंडळ. बर्निसबाईंनी तर केकची मलई माखलेला हात तसाच माझ्या पोटावर फिरवला. शी! अजून आठवलं की अंग चोळून धुवावंसं वाटतं.

सकाळपासून बाळ हललं नव्हतं. सासूबाईंना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, अगं वेडे, ऐकू येतंय ना, कसं धावतंय लबाड! भोंगा धडधडत होता, बायका मुलगी मुलगी करून टाळ्या पिटत होत्या. मलाही क्षणभर हायसं वाटलं. पण संतापानं माझीच छाती उडत होती, म्हणून सहज मनगटावर बोट ठेवलं. मावशी, भोंग्यातला ठोका आणि माझ्या बोटाखालचा ठोका एकच होता. ते यंत्र माझीच नाडी वाजवत होतं. बाळ त्यात नव्हतंच.

मी उठले. सासूबाई म्हणाल्या, भेटी तरी उघडून जा, बायका बर्फातून लांबून आल्यात. मी जेल पुसायलाही थांबले नाही. माझा चेहरा पाहून डेलचं डोकं ठिकाणावर आलं आणि त्यानं गाडी काढली. दवाखान्यात पट्टे बांधले, तर बाळाचे ठोके मंदावत चालले होते. नर्स डॉक्टरांकडे धावली. लगेच ऑपरेशन केलं.

मुलगी आहे. मूठभर जीव, सगळीकडे नळ्या, पण आहे. थेया नाव ठेवलंय.

तिच्यासाठी प्रार्थना कर. माझ्यावर लोभ आहे तेवढाच तिच्यावर असू दे.
कोरिन


नॉर्थ डकोटा
२६ फेब्रुवारी

चि. कोरिन आणि चि. थेया, दोघींना पोटभर आशीर्वाद.

आधी रडले, मग देवाचे आभार मानले. गोधडीबद्दल तुझ्या सासूनं आभाराचं कार्ड धाडलंय, ते सोबत जोडते. टाके धरून वाच.

मावशी

(सोबतचं कार्ड)

प्रिय आर्डिसबाईंना व्हर्लाचा स. न. वि. वि.

गोधडी फारच सुरेख. देवाची कृपा की मी ते यंत्र आणलं! त्या दिवशी आम्ही ठोके ऐकले नसते तर कोरिन दवाखान्यात गेलीच नसती. रविवारी पास्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आता जिला तिला यंत्र हवंय. मार्चच्या पहिल्या शनिवारी बर्निसच्या सुनेचा, ब्रेनाचा शॉवर आहे. बाळ जरा शांत वाटलं की पोरगी दवाखान्यात धावते. तिला म्हटलं, आता धावायचं कारण नाही, आपल्याकडे यंत्र आहे.

असाच स्नेह राहावा.
व्हर्ला


मेपल फोर्क
९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

कार्ड वाचलं. माझी पोर आत घुसमटत होती आणि त्यावर ही बाई कौतुक गोळा करतेय!

शनिवारी डेल नको नको म्हणत असताना टाके सांभाळत तळघराचा जिना उतरले. ब्रेना पोट उघडं टाकून पडली होती, जेल लावून झालं होतं. मी सासूबाईंच्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि गुलाबी आइस्क्रीम तरंगत होतं त्या सरबताच्या काचेच्या भांड्यात टाकलं. बायका किंचाळल्या. ब्रेनाला विचारलं, बाळ शेवटचं कधी हललं. तिला आठवेना, ती रडायला लागली. डेल तिला घेऊन दवाखान्यात गेला. तिचं बाळ ठणठणीत आहे, नुसतं झोपलं होतं. त्यामुळे बर्निसबाई मला गावभर शिव्या घालत हिंडताहेत.

सगळ्या गेल्यावर सासूबाई सरबत पुसत राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, त्या दिवशी मग कुणाचं वाजत होतं. म्हटलं, माझं. बाळाचं विचारलं, तेव्हा तोंडावर सांगितलं, की ते बंद पडत चाललं होतं आणि तुम्ही मला भेटी उघडायला सांगत होता. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मला वाटलं होतं, हे बोलून मोकळं वाटेल. नाही वाटलं.

काल त्या दवाखान्यात थेयाला बघायला आल्या. काचेच्या पेटीपाशी खूप वेळ उभ्या राहिल्या. मग हात लावू का, म्हणून मला विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि कोट न काढता बाहेर बाकावर जाऊन बसल्या. थेयापाशी बसून हे पत्र लिहितेय, तर आजही त्या तिथेच बसल्यात.

तुझा लोभ आम्हा दोघींवर राहो.
तुझी,
कोरिन