अर्नाळ्यासमोरचं खडप

आये, मासळीच्या पाटीत फिरणारा तुझा हात मला अजून दिसतो. डोळे गिऱ्हाइकाकडे असायचे आणि बोटं खाली आपोआप करंदी वेगळी, मांदेली वेगळी करत जायची. बाबा गेल्यावर तू मामाच्या होडीची मासळी घेऊन विरारच्या बाजारात बसायला लागलीस. मामाचं डोल जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं असे. भरती-ओहोटीच्या ओढीनं त्यात जे येईल ते घ्यायचं आणि घरी यायचं. मी शाळेतून आलो की पाट्या धुवायला तुझ्याबरोबर बसायचो, आणि तू तुझ्या बापाच्या गोष्टी सांगायचीस. त्यातली एक अर्नाळ्यासमोरच्या खडपाची होती. चहूकडे गाळ आणि मधेच हा खडकाळ तुकडा. तुमच्या घरात त्याच्यावर कुणी कधी जाळं टाकलं नाही, फार तर कडेला गळ सोडला. मी विचारलं, का? तू म्हणालीस, "ती मासलीची बालंतिनीची खोली हाय."

मी चोविसाव्या वर्षी ट्रॉलरवर गेलो. मामाच्या होडीवर म्हातारा होणार नाही असं तुला तोंडावर म्हणालो, ते मामानेही ऐकलं. दुसऱ्या बंदरातल्या मालकाला बोट हाकायला इकडचा तळ ओळखणारा तांडेल हवा होता, आणि तळ मला तुझ्याकडूनच कळलेला. ट्रॉलरचं जाळं वाट बघत नाही. दोन जड फळ्या त्याचं तोंड उघडं धरतात आणि बोट ते तळावरून फरफटत नेते. मागे पाणी मैलभर गढूळ होतं. पहिली काही वर्षं आम्ही खडपाला वळसा घालायचो, पण तो त्याला मान म्हणून नव्हे, जाळं फाटतं म्हणून. मग मालकाने जाळ्याच्या खालच्या दोराला जाड साखळी आणि लोखंडी चाकं लावून दिली आणि मला म्हणाला, आता कडेने जाऊन बघ. मी गेलो.

ते पहिलं जाळं डेकवर रिकामं केलं तेव्हाचा वास अजून नाकात आहे. सडक्या चिखलाचा, आणि त्यात काहीतरी ताजं, हिरवं कापल्यासारखा. पंख्यासारखी जांभळी झाडं मुळासकट उपटून आली होती. स्पंजासारखे मऊ गोळे, ठेचलेले तारामासे, फुटलेले शिंपले, बोटभर लांबीची घोळ माशाची पिल्लं. त्यातली मोठी मासळी आम्ही निवडली आणि उरलेलं फावड्याने परत पाण्यात लोटलं. जे लोटलं ते मेलेलंच होतं. शेवंडी, त्या मोठ्या काटेरी कोळंब्या, मात्र खूप होत्या, आणि त्यातल्या डझनभर मी तुझ्यासाठी बाजूला काढल्या. तुला शेवंड आवडायची आणि घरी कधी यायची नाही, विकली जायची.

तू चुलीपाशी बसलेली. मी पिशवी तुझ्यापुढे ओतली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. तू एक उचललीस, उलटी केलीस. शेपटीखाली नारिंगी अंडी गच्च होती. दुसरी उलटी केलीस, तिसरी. एकीच्या पायात जांभळ्या झाडाची फांदी अडकली होती, ती तू सोडवून तळहातावर घेतलीस.

"खडपावर गेलतास?"

मी रिकामी पिशवी झटकू लागलो.

"ही मासली नाय, पोरा. तू त्यांचा घर खनून आनलास."

आवाज चढला नव्हता. तू उठलीस, त्या सगळ्या सुपात भरल्यास आणि परसात माडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरल्यास. बोंबलाचं डोकंसुद्धा वाया न घालवणारी तू. हात धुऊन आलीस आणि सांगितलंस, की यापुढे माझ्या बोटीची मासळी तू विकणार नाहीस. मला वाटलं, आठवडाभर चालेल हा राग. तू मरेपर्यंत विकली नाहीस. मामाच्या जाळ्यात मासळी कमी आणि प्लास्टिक जास्त येऊ लागलं तरी तुझी अर्धी पाटी घेऊन तू विरारला जात राहिलीस. बाजारातल्या बायका विचारायच्या, लेकाचा ट्रॉलर असताना ही एवढीशी मासळी का? तू म्हणायचीस, माझी मासळी वेगळी.

मी थांबलो नाही, आये. सुरुवातीला खडपावर जाळं अडकलं की बोटीला हिसका बसायचा, सगळे धडपडायचे. वर्षागणिक हिसके कमी झाले. एका मोसमात जाळं त्या तुकड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ सरकलं, जसं गाळावरून सरकतं. खलाशी खूश झाले, जाळं वाचलं म्हणून मीही झालो. पुढे काही मोसमांत तिथे चिखलाशिवाय काही येईना, तेव्हा मला समजलं की आम्ही काय सपाट केलंय. तोवर मामाने खुंट काढून होडी मोडीत दिली होती, आणि तू अंथरुणाला खिळली होतीस. एका सकाळी मी तुला पेज भरवताना तू विचारलंस, "खडपावर अजून शेवंड गावते?" मी हो म्हणालो. तू डोळे मिटलेस आणि आणखी दोन घास घेतलेस.

आता मी विरारच्या चंदनसारला लेकाच्या फ्लॅटमध्ये असतो. इथून समुद्र दिसत नाही, ते बरंच आहे. गेल्या आठवड्यात समुद्राच्या तळाचा अभ्यास करणारी एक मुलगी आली. खडप पाहिलेली माणसं शोधत होती. मी तिला झाडांचे रंग सांगितले, अंड्यावरच्या शेवंडी सांगितल्या, तुझं बाळंतिणीच्या खोलीचं बोलणंही सांगितलं. ते लिहून घेताना तिचे डोळे भरून आले. मग तिने विचारलं, "काका, हे कुणी संपवलं?" मी म्हणालो, बाहेरच्या मोठ्या बोटी आल्या. आल्याही होत्या, नंतर. तिने ते तसंच उतरवून घेतलं. तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत, असं म्हणून निघताना ती माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.

हा कागद तुला पोचणार नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. तिचा नंबर फोनमध्ये आहे. तिला अजून फोन लावलेला नाही.