एकसष्टाव्या पानावरची सही

प्रिय लोर्ना,

अकरा वर्षांनी पत्र, तेही माझं! पाकीट फोडायच्या आधीच दोन शिव्या हासडल्या असशील. हासड, मला चालेल.

आपल्या प्रयोगशाळेत अजून तोच खवट सोयाबीन तेलाचा वास आहे. केसांत बसतो, सँडविचला लागतो. पण किळस वासाची येत नाही गं, डॉ. टेलिनची येते. शुक्रवारी त्यांचा सत्कार झाला. सोयाबीनच्या राळेत सिरॅमिकची पूड घालून केलेल्या आपल्या त्या चकत्या म्हणे वीज साठवण्यात अव्वल, आकडा बेचाळीस! सगळे टाळ्या पिटत होते आणि मी बटाट्याची ताटली तशीच बाजूला सारली. शी!

बेचाळीस कसला डोंबलाचा! अकरा वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टच्या दमट हवेत चकत्या टेबलावर उघड्या पडल्या होत्या. पाणी प्यायल्या आणि आकडा फुगला. फक्त तू चकत्या ओव्हनमध्ये वाळवून मोजल्यास, तर आला एकोणीस. "भाजून वाट लावलीस मालाची, तुझा हातच धड नाही," डॉक्टर म्हणाले. वहीच्या पानाखाली साक्षीदाराची सही लागते, म्हणून तू वही माझ्यापुढे धरलीस. मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं गं." वर त्यांच्या बेचाळीसच्या पानावर न वाचताच सही ठोकली. तुझी पीएच.डी. बुडाली, तू धान्याच्या कोठारावर मक्याचा ओलावा मोजायला गेलीस आणि मला बढती मिळाली. थू माझ्या जिण्यावर.

आता ब्रिएल नावाची नवी विद्यार्थिनी आहे. तिनेही चकती वाळवली, तिलाही एकोणीस आला. आणि डॉक्टरांचे शब्दसुद्धा तेच, "तुझा हातच धड नाही." तिला ठेवायचं की काढायचं, ते सोमवारी समिती ठरवणार आहे. काल तिने वही माझ्यापुढे धरली. या वेळी मी सही केली.

मग कपाटातून तुझी वही काढली. तुझ्या एकोणीसचं ते एकसष्टावं पान पिवळं पडलंय, साक्षीदाराची रेघ अजून कोरीच होती. तिथेही सही केली आणि खाली कालचीच तारीख घातली. मागची तारीख घालायची लबाडी आता नको. दोन्ही वह्या सोमवारी समितीपुढे ठेवणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. समिती विचारेल ते विचारेल, पण त्यांच्याआधी तुला सांगायला हवं, म्हणून हे पत्र. त्या दिवशी मी तुझ्या खांद्याला खांदा लावून उभी होते. एकोणीस मी पाहिला होता, लोर्ना.

तुझीच म्हणवायची लाज वाटणारी,
आर्डिस